मालक कोन शे?

साक्रीला, मोबाइल दुरुस्तीच्या माझ्या दुकानात,
मागे, जिथे इतर लोक देव्हारा ठेवतात तिथे
एक जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस घरघरतो.
त्यात दोनशे एकोणचाळीस माणसं राहतात.

अहिराणीत बोलतात. भांडतात जास्त.
उधन्याचा भटू लूमवरून सुटला की सकाळी सातला लिहितो,
"घर उनू. डोकामा आजून खटखट चालू शे."
नरडाण्याच्या सुनंदा देवरे मॅडम म्हणी गोळा करतात,
आणि लोटन अप्पा रोज न चुकता
कळण्याच्या भाकरीचा फोटो. बहुतेक तोच.

सुरुवातीला सगळे एकच विचारायचे,
मालक कोन शे?
मी सांगायचो, कोणी नाही.
असे हजारो सर्व्हर आहेत, हा त्यातला आपला,
इथून तिकडे बोलता येतं, तिकडून इथे,
मधे कुणाच्या बापाची कंपनी नाही.
ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे
आणि म्हणायचे, हां, पन मालक कोन शे?

माझे वडील पांझरेच्या फडावर पाटकरी होते.
खांद्यावर फावडं, रात्री दोनला कंदील घेऊन
एकाचं बारं बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं.
"पानीले मालक नही ऱ्हास, पाटकरी ऱ्हास."
हे ते डोक्याला चार टाके पडल्यावर म्हणाले होते.

श्रावणात एकाने सुनंदा मॅडमबद्दल जे लिहिलं
ते मी इथे लिहिणार नाही.
काढला त्याला. तो दुसऱ्या सर्व्हरवर गेला,
नवं नाव, जुन्याच ऱ्हस्वदीर्घाच्या चुका,
आणि तिथून तेच.
तिथला चालक कॉलेजचा पोरगा, त्याची परीक्षा होती.
तीन दिवस वाट पाहिली,
मग तिकडचं बारंच बुजवलं.
भटू म्हणाला, "मन्हा सालानी काय करं?"
त्याचा साला त्याच बाऱ्यापलीकडे राहत होता.
खरंच, त्याने काहीच केलं नव्हतं.

चोपड्याची पोरं म्हणाली, तुम्हीबी हुकूमशहाच निघाले.
गेली. स्वतःचा सर्व्हर काढला, अकरा जणांचा,
नियम एकच, की नियम नाहीत.
पाच आठवड्यांनी डोमेनचे पैसे कोण भरणार यावर अडलं.
एका म्हातारबाईच्या जात्यावरच्या बासष्ट ओव्या
कुणी टाइप करून ठेवल्या होत्या तिथे.
बंद पडल्याची सूचनाही तिथेच टाकली होती म्हणे.

मे महिन्यात कूलरचं तोंड त्याच्याकडे.
गिऱ्हाईक घाम पुसत उभं,
उज्ज्वला म्हणते, माणसाला नाही ते यंत्राला.
वीजबिलासाठी हाक दिली, नऊ जणांनी पैसे पाठवले.
एकाने अकरा रुपये. खाली लिहिलं, शकून.

तक्रारी रात्रीच येतात.
दिवसभर दुसऱ्यांचे फोन उघडून साफ करायचे
आणि रात्री हे वाचत बसायचं,
बाकीच्यांना वाचावं लागू नये म्हणून.
कुणाला दिसत नाही मी काय काढलं.
दिसलं तर काढून उपयोग काय.
वडील पहाटे यायचे तेव्हा त्यांच्या पायांना चिखल तरी असायचा.

दिवाळीनंतर मी लिहून टाकलं,
मला झेपत नाही. कुणीतरी किल्ल्या घ्या.
एकशे चौदा जणांनी लाल बदाम दिले.

चौथ्या दिवशी सुनंदा मॅडमचा फोन.
"पासवर्ड सांगा. मंगळवार-शुक्रवार माझी बारी.
पण त्या माणसाचं काही आलं
तर ते मी नाही वाचणार. ते तुम्ही."
मी हो म्हटलं. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.
मागे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली.

आत्ता लाइट गेली आहे.
इन्व्हर्टर चाळीस मिनिटं टिकतो,
नवा होता तेव्हा दोन तास टिकायचा.
भटू घरी पोचला.
अप्पांची भाकरी अजून यायची आहे.