शेपटीवरची पट्टी

ती मीच सरळ केली, हे आधीच सांगून टाकते.
शॉबडनच्या हँगरात, रविवारी, विमान धुताना.
सुकाणूच्या मागच्या कडेला
पत्त्याच्या अर्ध्या पानाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी,
किंचित डावीकडे वाकलेली.
वाटलं, शिडी घासली असेल,
कुणाची पाठ लागली असेल.
दोन्ही अंगठ्यांनी दाबून नीट केली,
दुकानात औषधांच्या खोक्यांचे दुमडलेले कोपरे करते तशी,
वर फडकंही मारलं.

मग दोन हजार फुटांवर,
खाली लग नदी, साइडरच्या बागा,
आणि विमान डावीकडे नाक मुरडायला लागलं.
काचेच्या नळीतला काळा मणी
उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला.
उजवा पाय दाबला. दाबूनच ठेवला.
लडलोपर्यंत पोटरी भरून आली,
परतताना गोळा.
जरा सैल सोडावं
की नाक पुन्हा तिकडेच.

लंगडत उतरले.
ग्विलिम प्रॉसरने आधी माझ्या पायाकडे पाहिलं,
मग शेपटीकडे.
"कुणी?"
"मी. वाकडी होती."
"हो ना," तो म्हणाला, "म्हणून तर सरळ जायचं."

दोन लाकडी चिपांमध्ये पट्टी धरून
त्याने ती वाकवली, नखाच्या जाडीइतकी,
एक डोळा मिटून, श्वास धरून.
पट्टी डावीकडे, म्हणून वारा तिला उजवीकडे लोटतो,
तिच्याबरोबर अख्खं सुकाणू कलतं,
आणि नाक
नाकासमोर येतं.
कुणाचा तरी पाय दिवसभर जे करत राहिला असता
ते ही एवढीशी पट्टी करते,
न थकता, पगाराशिवाय.

मी त्याला सांगायला गेले,
आमच्यात म्हणतात, सरळ बोटाने तूप निघत नाही.
तूप म्हणजे काय
इथून सुरुवात करावी लागली.
चहा गार झाला.

त्याच्या तेलकट वहीत तीस वर्षांच्या नोंदी:
नवा पंखा बसवला, अर्धा मिलिमीटर.
रंग दिला, परत थोडी.
खाली आजची तारीख,
आणि पुढे फक्त माझं नाव, चुकीच्या स्पेलिंगने.

दुसऱ्या फेरीत पाय नुसते टेकवलेले.
मणी मधोमध.
तरी उजवी पोटरी आपली
सवयीने थोडं थोडं दाबतच होती.
लेम्स्टरचं चर्च दिसेपर्यंत
तिला पटलंच नाही
की आता तिची गरज नाही.