एंटुमधला ए

उद्यमबागेत रात्री साडेनऊला लाईट आली
तेव्हा फाईल पुन्हा पहिल्यापासून उतरवायला लावली.
जुन्या लेथचं डोकं गेलंय, नवं सॉफ्टवेअर घालायचं.
मालक शिनोळकर म्हणतात, घालून टाक की रे, काय बघतोस.

वीस वर्षं जॉब मोजल्याशिवाय मी पुढं सोडला नाही.
गेज आत गेला तर गेला, अडला तर अडला,
त्याच्याशी हुज्जत नाही.
कास्टिंग आतून पोकळ असलं
तर हातोडी मारल्यावर बोलतं.
ही फाईल वाजत पण नाही.

तिचं माप चौसष्ट अक्षरांचं,
कॉम्प्युटरनं तिला दळून काढलेलं.
साईटवर आकडा लिहिलाय, खरं आहे,
पण ज्या दारातनं चोर यायचा
त्याच दारावरच्या पाटीला काय विचारायचं?
म्हणून बेंगळूरला फोन,
सर्व्हिसच्या माणसाला, ज्याचं तोंड आम्ही बघितलेलं नाही.

तो कन्नडात वाचतो.
अडव्याप्पा फोन कानाला धरून तेच मोठ्यानं म्हणतो.
मी पडद्यावर बोट ठेवून, मनात, मराठीत.
मूरु. तीन.
एफ.
सोन्ने. शून्य.
ओंबत्तु. नऊ.
एकतिसाव्याला मी ओरडलो, थांब, चुकलं!
इथं ए नाही, आठ आहे.
अडव्याप्पा हसायला लागला, फोनमधला पण.
अरे एंटु म्हणाला तो, एंटु!
तू ए ऐकलास आणि पुढचं सोडलास.

वीस वर्षं एका डब्यातनं जेवतोय आम्ही.

परत पहिल्यापासून.

मला आबांचा उतारा आठवला.
आबा शट्टुप्पा. कन्नडात उतरताना शेट्टेप्पा झाले.
साहेब म्हणाला, एक अक्षर तर आहे.
त्या एका अक्षरासाठी खानापूरला अकरा खेपा,
आणि इतकं होऊन माणूस तोच,
बांध तोच, बांधावरची जांभळ तीच.
इथं उलटं.
फाईलीतला एक ठिपका हलला
तर सगळी ओळच अनोळखी होते.
संध्याकाळी लाईट गेली तेव्हाची ती अर्धी फाईल,
पहिल्याच अक्षराला परकी.

एकसष्टावं. डी.
नाल्कु. चार.
परत डी.
शेवटचं तो म्हणाला, एळु,
आणि जरा थांबला. आम्ही पण.

सात.

मालकांनी शटरपासनं विचारलं, झालं काय?
फोनमधला काय की बोलला आणि ठेवून दिला,
अडव्याप्पानं ते मराठीत सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
हात दोनदा पुसले,
तरी माऊसला ग्रीस लागलंच.
दाबलं.