कोपराएवढी जागा

एक्सेलच्या तक्त्यात चौदा रकाने होते:
वजन, किंमत, छिद्राचा आकडा,
पावसात टिकेल का, परत विकली तर किती येतील.
अकरा महिने मी ते भरत होतो,
रात्रपाळीहून आल्यावर, अंगाला माशांचा वास,
ग्रिम्सबीत, दुसऱ्या मजल्यावर, हीटर एकच्या आकड्यावर ठेवून.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
माझ्या तक्त्यात होतं, पेनीपर्यंत.

वैजयंती म्हणायची, "लग्नाला होकार द्यायला
तुला चहा संपेपर्यंतचाच वेळ लागला होता."
मी म्हणालो, "तेव्हा पर्याय एकच होता."
हे बोलायला नको होतं.

शेवटी कारखान्यातल्या टेरेन्सने घेतली म्हणून घेतली
लांब नळीची, पक्ष्यांसाठीची लेन्स.
दुधीभोपळ्याएवढी. दोन किलो तीनशे ग्रॅम,
हे मला पाठ आहे.
हंबरच्या चिखलात पहाटे उभा राहिलो.
हाती आलं ते: आभाळ. आभाळ. पंखाचं टोक.
एका बदकाची पाठ, नाराज.
मग चंद्र, सगळे काढतात तसा.
मग डॉक टॉवर, सूर्यास्तासह, सूर्यास्ताशिवाय.
मग एक फिल्टर आणला, ज्याने पाण्याचं दूध होतं.
ते दूध मी तीन आठवडे पाहिलं
आणि मला कळेना, हे फोटो नक्की कोण काढतंय.
बोट माझं होतं. नजर टेरेन्सची,
किंवा त्याने जिथून उसनी आणली त्याची.

जानेवारीत लेन्स विकायला निघालो.
बेरिलबाईंचं दुकान फ्रीमन स्ट्रीटच्या मागे.
कपाटात मेलेल्या माणसांचे कॅमेरे,
प्रत्येकाच्या पट्ट्याला दोऱ्याने बांधलेली किंमत.
तिने लेन्स सुरण तोलावा तशी तोलली,
उजेडाकडे धरली, फुंकर मारली, आकडा सांगितला.
मी घासाघीस सुरू करायच्या आत म्हणाली,
"लेन्स वाईट नाहीये. तू फोटो कशाचे काढतोस?"
माझ्याकडे चौदा रकाने होते.
हा नव्हता.

न विकताच निघालो. बसथांब्यावर एकटा.
धुक्याने थांब्याच्या काचा दुधाळ झालेल्या.
नऊ नंबर येतेय का बघायचं होतं
आणि दोन्ही हातांत लेन्स, तान्ह्या पोरासारखी,
म्हणून कोपराने काच पुसली.
बस आली. खिडकीशी बसलो. वळून पाहिलं तर
काचेवर माझं कोपर मागे राहिलेलं,
काळं, वाकडं, खालून ओघळणारं.
शेजारी दुसऱ्या कुणाची चार बोटं.
आणि पार खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक छोटंसं गोल,
जे मला तिथे उभा असताना दिसलंच नव्हतं.

आता पहाटे मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो.
रस्त्यापलीकडे थांबा. पक्ष्यांची लेन्स
ओट्यावर, तूरडाळीच्या पिशवीवर टेकवलेली.
माणसं असताना काढत नाही,
ती बसची वाट बघतात, त्यांना बघू द्यावं.
बस गेली की दीड-दोन मिनिटं मिळतात,
मग पुसलेलं पुन्हा भरून येतं.
इस्पितळातल्या नर्सचा तळवा, एकदाच, सरळ.
शाळेच्या पोरांनी काढलेले मिशीवाले गोल.
आणि एक कुणीतरी आहे, जो बाही ओढून चौकोन पुसतो,
कडा काटेकोर, खिडकीत खिडकी.
परवा त्याने पुसलंच नाही.
मी दिवसभर बेचैन.

तक्ता अजून आहे. पुसवत नाही.
तिवई गाडीच्या डिकीत, छत्रीखाली.
बेरिलबाईंना सहा फोटो दाखवले.
पाचव्यापाशी थांबली,
चष्मा काढून स्वेटरला पुसला, पुन्हा पाहिलं,
आणि कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकाकडे वळली.

वैजयंती उठते, गॅस पेटवते.
"डाळ दे माझी. काय मिळालं आज, पक्षी?"
"नाही."
"मग?"
"कोपर," मी म्हणतो. "डावं, बहुतेक."