ज्वारीएवढा त्रिकोण

मार्चातली दुपार, नववी क.
पंखा फिरतो, वारा मात्र नाही.
मी फळ्यावर सांगितलं,
तिन्ही लंबदुभाजक एकाच बिंदूत भेटतात.
सगळ्यांचे भेटले.
(आधी बिंदू द्यायचा, मग रेषा ओढायच्या,
ही युक्ती मला बावीस वर्षं ठाऊक आहे.)

भार्गवी म्याकलचे भेटले नाहीत.
मधोमध उरला एक त्रिकोण,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
"सर, हा कुठनं आला?"

पेन्सिलीला टोक कर, म्हणालो.
केलं. कर्कटकाचा स्क्रू सैल,
त्यावर तिनं दप्तरातला विडीचा दोरा गुंडाळला,
आईच्या सुपातला, लाल.
पुन्हा कंस, पुन्हा छेद.
दाणा खसखशीएवढा झाला.

घंटा झाली. डबे उघडले,
कडक भाकरी मोडल्याचे आवाज,
शेंगाचटणीचा वास.
कुणीतरी तिच्या वेणीची रिबीन बाकाला बांधली.
तिला पत्ताच नाही.
जीभ दातांत, नाकाच्या शेंड्यावर घाम.

घरी ती पत्र्याचा तुकडा ठेवून
तेंदूची पानं कापते, शेकड्यानं,
एकसारखी, न बघता.
इथं ती बघत होती.

मी वही मागितली नाही.
खडू खिशात, चहा स्टाफरूममध्ये गार.
अशोक चौकाकडे माग खडखडत राहिले.

मग मान वर न करताच म्हणाली,
"रेषेला जाडी नसते म्हणालात ना तुम्ही?
मग माझ्या पेन्सिलीचं काय करू?"

मी काही बोलायच्या आत
ती वही दाखवायला उठली,
आणि तिच्यामागून बाकही जरासा उठला.