चौकट क्रमांक सतरा

दहा मीटर बाय दहा मीटर.
तीन खुंट्या, पांढरी सुतळी. चौथी खुंटी
खडकात शिरेना, म्हणून सुतळी बेहड्याला बांधली,
वाटेत ऐनाच्या बुंध्याला घासून.
आत दोन तेंदू, वाळलेला एक धावडा
आणि कोपऱ्यात मोह. फुलं वेचायला
कुणीतरी त्याच्या बुडाशी पाला जाळून ठेवलाय.

राखेत काही नाही.
मी वहीत लिहिते : जमिनीवरची घरं, शून्य.
चैतू हलामी उकिडवा बसून तंबाखू मळतो.
"दिसली नाही मन, बाई. नाही मनू नोको."
मग कुऱ्हाडीच्या तुंब्याने धावड्याची साल उचकटतो
आणि आतल्या पोकळीतून
माझं शून्य चालू लागतं,
काळं, बारीक, पांढरी अंडी तोंडात धरून,
उजेडावर चिडलेलं.

उतारावर मुरूम आहे तिथे
बिळांभोवती मातीच्या पाकळ्या, दाणे साठवणाऱ्यांच्या.
नाल्याकडे कुसुमावर एक घर, वाळल्या शेणाच्या गोळ्यासारखं.
त्यात तांबडा सुतारपक्षी भोक पाडून अंडी घालतो.
"भाडं देते का?" मी विचारते.
"कायचं भाडं? घरमालकच खाते नं तो."

माटे मात्र ऐनावर.
हिरवं पान तोडत नाहीत, जिवंतच वळवतात.
एकमेकींच्या कमरा धरून साखळी करतात,
काठाला काठ आणतात.
मग एक जण आतून अळी घेऊन येते,
धोट्यासारखी फिरवते या पानावरून त्या पानावर.
अळी तोंडातून रेशीम सोडत राहते.
स्वतःच्या कोषाचं सूत तिचं
असं घराच्या शिवणीत संपून जातं.

मोहाडीला आमच्या घरी चार माग होते.
बाबा आठव्या वर्षी
खड्ड्यात पाय सोडून बसले.
वहीत यासाठी रकाना नाही.
'घरट्याची उंची' आहे. तिथे लिहिते : साडेतीन मीटर.

दुपारी चैतूच्या डब्यात माट्यांची चटणी,
मिरचीपेक्षा आंबट जास्त.
मी बोटाने चाखते, आणि तो घाईने सांगतो,
"तुमच्या चौकटीतल्या नोहोत ह्या."

चार वाजता परत येतो
तर सुतळीवर रांग.
ऐनावरून निघून, हवेतून,
थेट बाहेरच्या बेहड्याकडे.
काल त्यावर एकही नव्हती, मी स्वतः पाहिलंय
(दिसली नव्हती, मन).
आता तिथे पानं वळली
तर ते घर कुठल्या आकड्यात धरू?
आत किती, बाहेर किती, हे कळावं म्हणून मी रेघ ओढली,
आणि त्यांना तो रस्ता वाटला.

चैतू बेहड्याची गाठ चाचपतो.
"सोडू का?"

थांबा, म्हणते.
अंधार पडायला अजून वेळ आहे
आणि कितीतरी जणी
मध्यावरच आहेत.