तिसरा चिंचोका

शाळेच्या पडवीत हिरेमठ मॅडमनी
गोडेतेलाचे चार डबे मांडले.
रस्ता. गटार. पाण्याची टाकी. स्वागत कमान.
चिठ्ठ्या कन्नडात. खाली भरमाच्या पोरानं
खडूनं मराठी लिहिलं, गटाराचं गाटर करून.

ज्यानं घरपट्टी भरली त्याला तीन चिंचोके.
पैसा तुमचा, तुम्हीच सांगा कुठं घालायचा,
मॅडम दोन्ही भाषांत म्हणाल्या,
दोन्हींत सारख्याच अवघडून.

मला मोजणं कुणी शिकवायला नको.
हजार विड्यांत बाद किती निघणार
ते बोटांना अंधारातही कळतं.
पण पट्टीच्या पैशाचं पुढं काय होतं
ते कधी मोजलं नव्हतं.
तो जायचा. बंगळूरला, म्हणायचे.
नाहीतर बेळगावच्या त्या पांढऱ्या सौधात,
हिवाळ्यात दहा दिवस ज्याचे दिवे
हायवेवरनं एसटीतून दिसायचे.
शिवी द्यायला बरं होतं ते.
लांबचं, मोठं. नेम चुकायचा नाही.

पारिसा चौगुल्यानं तिन्ही रस्त्यात टाकले,
त्याच्या उसाच्या ट्रॉल्या तिकडनंच जातात.
जैनब मुजावरनं तिन्ही टाकीत,
एकेक करून, आवाज ऐकत.

माझी पाळी.
एक टाकीत. एक गटारात.
तिसरा मुठीत घामेजला.
वडलांनी तेरा दिवस हिंडलग्याच्या जेलात काढले होते,
कमानीवर नाव आपल्या अक्षरांत पाहिजे म्हणून.
कमान नव्हतीच तेव्हा.
अजून नाही.

टाकला.

संध्याकाळी मोजणी.
टाकी एकशे ऐंशी.
कमान एकशे एक्क्याऐंशी.
वरच्या गल्लीनंही तिथंच टाकले असणार,
त्यांच्या अक्षरांसाठी.
मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत मोजलं.
तेवढंच भरलं.
नाव कोणत्या लिपीत, ते पुढच्या सभेत,
त्या म्हणाल्या, आणि डबे एकात एक घातले.

पहाटे साडेतीनला बोअरवर
जैनब माझ्यापुढं उभी.
नळी खरखरत होती, नुसता वारा.
"कोण मुडदा त्यो कमानवाला," ती म्हणाली,
"हातात आलेलं पाणी घालवलंन."

मी घागर खाली ठेवली.
पदरानं तोंड पुसलं.
"असंल कोणतरी," म्हटलं,
"बंगळूरचा."