चौदा पूर्णांक दोन

नारिनमध्ये सकाळी उणे चोवीस.
तोक्तोसून आजोबा आपली जुनी ऑडी ढकलत आणतात,
म्हणजे ते स्टिअरिंगवर,
ढकलतायत शेजारची तीन पोरं,
आणि उतरायच्या आधीच काच खाली करून सांगतात:
बॅटरी बदमाश निघाली.
एका हिवाळ्यात दुसरी.

कुठून घेतली, ते मी विचारत नाही.
गल्लीला ठाऊक आहे.
कुबातच्या दुकानातून, सख्ख्या मेव्हण्याच्या,
ज्याला यांनी डिसेंबरात भर बाजारात चोर म्हटलं.
तेव्हापासून त्या दोन घरांत
चिमूटभर मीठही उसनं जात नाही.

मी मीटर लावते.
थंडीत आकडेसुद्धा सावकाश उमटतात,
आठवून आठवून सांगितल्यासारखे.
अकरा पूर्णांक सहा.
मेली ना?
मेली नाही. उपाशी आहे.

माझ्या निवाची वायर जोडून इंजिन चालू केलं, मग वायर काढली.
आता दिसायला हवेत चौदा.
दिसले बारा पूर्णांक चार.
दिवे लावले, हीटर लावला,
आकडा उतरत गेला जिना उतरावा तसा,
आणि डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र
धड पेटेना, धड विझेना.
हे कधीपासून?
ते होय, म्हणाले, ते दिवाळखोर आहे, सदाचंच मिणमिणतं.
मी त्यावर स्टिकर लावला होता.

पट्टा ताठ. अल्टरनेटर फिरतोय, नुसता फिरतोय.
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हटलं मी.
पण म्हातारा बिलंदर.
चालताना भरत नाही, हे मानलं, पोरी.
ती तर उभ्या उभ्या रिकामी होते. रात्री.
मी दारं लावतो, रेडिओ बंद करतो, घोंगडी घालतो तिच्यावर.
मग पितं कोण?

बरोबर प्रश्न. यालाच अर्धा दिवस जातो.
किल्ली काढली, निगेटिव्ह सोडली,
मध्ये मीटर घातला, दारं लावली.
झोपलेल्या गाडीने घ्यावा एवढासा घोट,
घड्याळापुरता.
ही पीत होती पाऊण अँपिअर.

एकेक फ्यूज उपटला.
आजोबांनी आपली केसाळ टोपी उलटी धरली,
त्यात जमत गेले लाल, निळे, पिवळे.
डोकं उघडं, कान जांभळे, पण टोपी हलली नाही.
आकडाही हलला नाही.
शेवटचा फ्यूज टोपीत पडला, तरी पाऊण.

मग मी खाली वाकले,
अल्टरनेटरच्या पाठीवरची जाड वायर सोडली.
आकडा पडला. दोन शतांश.
तिथेच.

आत डायोड असतात, मी सांगितलं,
एकाच बाजूला उघडणारी दारं.
वीज बॅटरीकडे जाऊ द्यायची, परत येऊ द्यायची नाही,
एवढंच त्यांचं काम.
तुमचं एक दार दोन्हीकडे उघडतंय.
दिवसा अर्धवट भरतं,
रात्री तुम्ही झोपलात की तिथूनच उलटं गळतं.
कुंपणानेच शेत खाल्लं.

डोलोनच्या घाटात बावीस वर्षं
फाटक सांभाळलेला हा माणूस.
बराच वेळ टोपीतले फ्यूज हलवत बसला.
मग हळूच:
फाटकवाल्याने डोळा मिटला की काय काय जातं,
ते मला नको शिकवूस.

आणि थोड्या वेळाने,
म्हणजे बॅटरी चांगली होती?
चांगली आहे.
पहिलीसुद्धा?
पहिलीसुद्धा, बहुतेक.
तुझ्याकडून असं सांगता येणार नाही का,
की थोडीशी बॅटरीचीही...?
नाही.

संध्याकाळी भंगारातला अल्टरनेटर चढवला.
चौदा पूर्णांक दोन.
लाल चित्र विझलं,
त्यावरचा स्टिकर आता कशाला चिकटून आहे कोण जाणे.
मजुरीत एक पिशवी कुरुत दिलं, आंबट, दगडासारखं,
आणि उरलेले पैसे सोमवारी.

गेले नाहीत मात्र.
इंजिन चालू ठेवून आत बसले,
फोन चार्जिंगला लावला,
हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.
मी पेट्रोलने हात धुतले, शटर अर्धं ओढलं.
पेट्रोल जळतंय, आजोबा.

भरतोय गं, म्हणाले. थोडा भरू दे.